आम्लाची व्याख्या

चिंच, आमसूल, लिंबू, कैरी आणि चार दिवसांचे ताक यांत समान काय आहे, असे कोणालाही विचारले तर उत्तर लगेच मिळेल. हे सारे पदार्थ आंबट आहेत. ‘आम्ल’ हा शास्त्रातला शब्दही त्या आंबटपणातूनच आला. पण जो पदार्थ जिभेवर ठेवणे धोक्याचे, त्याची परीक्षा कशी करावयाची? गंधकाम्लाची चव घेऊन कोणी पुन्हा प्रयोगशाळेत येईल, असा संभव थोडा. आम्ल म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो साधा. परंतु त्याचे उत्तर गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. त्या बदलांची कथा आज मला सांगावयाची आहे.

जिभेचे काम प्रथम डोळ्यांकडे सोपविले ते रॉबर्ट बॉइल या इंग्रज शास्त्रज्ञाने. १६६४ साली रंगांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने दाखविले की, व्हायोलेटच्या निळ्या फुलांच्या पाकात आम्ल घातले तर तो तांबडा होतो, आणि अल्कली घातली तर हिरवा होतो. आपल्याकडच्या गृहिणींना याच जातीचा एक अनुभव नित्याचा आहे. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला की तो डाग लालभडक होतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा दिसू लागतो. बॉइलने अशा बदलांना कसोटीचे रूप दिले. पण कसोटी म्हणजे कारण नव्हे. पाक तांबडा झाला म्हणजे पदार्थ आम्ल आहे हे कळते. तो आम्ल का आहे, हे कळत नाही.

कारण सांगण्याचे धाडस केले ते फ्रान्समधील लाव्हाझिए याने. गंधक जाळले, फॉस्फरस जाळला, कोळसा जाळला आणि जे निपजले ते पाण्यात विरविले की दरवेळी आम्ल हाती येते. जळताना हे पदार्थ हवेतला एक वायू शोषून घेतात, हे त्याने तराजूने सिद्ध केले होते. तेव्हा आम्लपणाचे मूळ त्या वायूतच असले पाहिजे, असे त्याने अनुमान केले आणि ग्रीक भाषेतून त्या वायूला नाव दिले ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्लाला जन्म देणारा. अनुमान सुंदर होते. अडचण एकच होती. मिठापासून मिळणाऱ्या आम्लातून, ज्याला आज आपण हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतो त्यातून, ऑक्सिजन काही केल्या निघेना. लाव्हाझिएने हार मानली नाही. १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने मूलद्रव्यांच्या यादीत या आम्लाच्या अज्ञात घटकासाठी एक जागाच राखून ठेवली. तो सापडेल आणि त्याच्याशी जोडलेला ऑक्सिजनही दिसेल, अशी त्याची श्रद्धा होती. ८ मे १७९४ रोजी राज्यक्रांतीच्या गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. आपला सिद्धांत ढासळताना पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

ढासळविला तो इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही याने. मिठाच्या आम्लापासून एक हिरवट पिवळा वायू निघतो. त्यात ऑक्सिजन दडलेला आहे, असे तेव्हा मानीत. डेव्हीने त्या वायूत कोळसा पांढराशुभ्र होईपर्यंत तापविला. ऑक्सिजन असता तर कोळशाने तो ओढून घेतलाच असता. परंतु तसे काहीच झाले नाही. १८१० साली डेव्हीने जाहीर केले की हा वायू स्वतंत्र मूलद्रव्य आहे, आणि त्याच्या रंगावरून त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. मिठाच्या आम्लात मग उरले काय? क्लोरीन आणि हायड्रोजन. ऑक्सिजनवाचून आम्ल होऊ शकते, हे सिद्ध झाले. पण ऑक्सिजनचे नाव काही बदलले नाही. जर्मन, रशियन आणि आपल्या शेजारची बंगाली या भाषांनी त्या नावाचे भाषांतर करताना चूकही जशीच्या तशी उचलली. बंगालीत तो ‘अम्लजान’ झाला. मराठीने मात्र त्याला ‘प्राणवायू’ म्हटले. हे नाव श्वासावरून पडले असल्यामुळे डेव्हीच्या प्रयोगाने त्याला धक्का लागला नाही.

आता लक्ष हायड्रोजनकडे वळले. परंतु हायड्रोजन तर साखरेतही आहे आणि तेलातही आहे. १८३८ साली जर्मनीच्या लीबिगने व्याख्या नेमकी केली. ज्या हायड्रोजनची जागा धातू घेऊ शकतो, तो हायड्रोजन असलेला पदार्थ म्हणजे आम्ल. सौम्य गंधकाम्लात जस्ताचा तुकडा टाकला की बुडबुडे उठतात, ते याच जागा सोडणाऱ्या हायड्रोजनचे. शिरक्यातील आम्लाच्या रेणूत हायड्रोजनचे चार अणू असतात, पण जागा सोडतो तो एकच. हा एकच का, याचे उत्तर लीबिगजवळ नव्हते.

ते उत्तर एका तरुणाच्या प्रबंधातून पुढे आले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात १८८४ साली स्वांते अर्‍हेनियस याने द्रावणांतून वीज कशी वाहते यावर प्रबंध सादर केला. परीक्षकांनी त्याला इतकी खालची श्रेणी दिली की अध्यापकाचे पद मिळण्याची आशाच मावळावी. पण रीगाहून ओस्टवाल्ड हा ख्यातनाम रसायनज्ञ त्याला भेटण्यासाठी उप्सालाला आला आणि वारे फिरले. पुढील तीन वर्षांत अर्‍हेनियसचा विचार पक्का झाला: पाण्यात विरघळताच आम्ल फुटते आणि धनविद्युत्भारित हायड्रोजन, म्हणजे हायड्रोजनचा आयन, मोकळा होतो. आम्लारी फुटली की ऋणभारित हायड्रॉक्सिल सुटतो. दोघे मिळाले की पाणी होते. कोणतेही तीव्र आम्ल कोणत्याही तीव्र आम्लारीशी मिळवा, तुल्य प्रमाणात उष्णता जवळजवळ सारखीच निघते. कारण खरी क्रिया प्रत्येक वेळी तीच असते. ज्या कामाला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली, त्यालाच १९०३ साली नोबेल पारितोषिक लाभले. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने याच हायड्रोजन आयनांच्या मोजमापासाठी ‘पीएच’ ची मोजपट्टी तयार केली. शेतातली माती असो की रुग्णाचे रक्त, तिचा उपयोग आजही होतो.

तथापि या व्याख्येला पाण्याचे बंधन होते. हायड्रोक्लोरिक आम्लाची आणि अमोनियाची बाटली शेजारी शेजारी उघडून ठेवली, तर हवेतच पांढरा धूर उठतो. तो धूर म्हणजे कल्हईवाला वापरतो तो नवसागर. दोन वायूंची ही गाठ पडण्यास पाण्याची गरज नाही. शिवाय अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्सिल नाहीच. १९२३ साली डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडच्या लौरी यांनी, एकमेकांस न विचारता, एकच तोड काढली. जो प्रोटॉन देतो तो आम्ल, जो घेतो तो आम्लारी. आम्लपण हा आता पदार्थाचा जन्मजात गुण उरला नाही. ते दोघांमधले नाते झाले. घरात जो बाप आहे तोच आपल्या बापापुढे मुलगा असतो, तसेच हे. एरवी उग्र असलेले नत्राम्ल तीव्र गंधकाम्लाच्या संगतीत प्रोटॉन घेते आणि आम्लारीसारखे वागते.

त्याच १९२३ साली अमेरिकेतील बर्कलीच्या गिल्बर्ट लुईस याने प्रोटॉनचीही अट काढून टाकली. इलेक्ट्रॉनांची जोडी जो देतो तो आम्लारी, जो स्वीकारतो तो आम्ल. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हायड्रोजनचा मागमूस नाही, तरीही अमोनियाची जोडी घेऊन तो आम्लाचे कार्य करतो. या कल्पनेकडे प्रथम फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३८ साली लुईसने ती पुन्हा विस्ताराने मांडली, तेव्हा ती रुजली. पुढे १९३९ मध्ये लक्स आणि १९४७ मध्ये फ्लड यांनी वितळलेल्या पदार्थांसाठी निराळी व्याख्या केली. तिच्यात ऑक्सिजन परत आला, पण उलट्या वेषात: ऑक्सिजनचा आयन देतो तो आम्लारी आणि घेतो तो आम्ल. लोखंडाच्या भट्टीत चुना आणि वाळू एकत्र येऊन मळी होते, ती या हिशेबाने समजते. तेथे वाळू हे आम्ल ठरते!

मग यांतली खरी व्याख्या कोणती? विद्यार्थी हा प्रश्न विचारतात आणि परीक्षेपुरते एक वाक्य पाठ करतात. लाव्हाझिएची व्याख्या चुकीची ठरली. ती प्रयोगाने खोटी पडली. पण अर्‍हेनियसची व्याख्या ब्रॉन्स्टेडने खोटी पाडली नाही, तिचे क्षेत्र वाढविले. पाण्यातल्या क्रियेसाठी अर्‍हेनियस आजही पुरतो आणि भट्टीवरच्या कामगाराला लक्स उपयोगी पडतो. चूक ठरणे आणि अपुरे ठरणे यांतला हा भेद लक्षात न आल्याने, शास्त्र दर पन्नास वर्षांनी आपलेच म्हणणे खोडून काढते, असा ग्रह पुष्कळांचा होतो. तो दूर करण्यास आम्लाचा हा इतिहास साहाय्य करील, असे मला वाटते.

आणि आमटीत आमसूल किती टाकावे, हे ठरविण्यास अर्थातच अजूनही जीभच लागते.