ठासणीची बंदूक : बत्ती देण्याच्या रीतींचा विकास

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाची आणि नळीच्या मागील बाजूस असलेल्या बारीक छिद्रातून आत विस्तव पोहोचवून बार काढावयाचा, अशा बंदुकीस ठासणीची बंदूक म्हणतात. या छिद्रास कान आणि कानाशी असलेल्या लहान वाटीत घातलेल्या बारीक दारूस रंजक ही संज्ञा आहे. रंजक पेटून त्याची ज्वाला कानातून आत गेली, तरच मुख्य दारू पेट घेते. रंजक जळून जावे आणि बार मात्र होऊ नये, हा या बंदुकीचा मूळ दोष होय. तो दूर करण्याच्या प्रयत्नांतून तोडा, चकमक आणि टोपी या तीन रीती क्रमाने प्रचारात आल्या. दख्खनमध्ये, विशेषतः अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या परिसरात, पहिल्या दोन रीती दीर्घकाळ एकमेकींशेजारी नांदत होत्या. प्रत्येक सुधारणेबरोबर बार अधिक भरवशाचा झाला. मात्र विस्तव निर्माण करण्याचे साधन गावच्या कारागिराच्या हातून क्रमाक्रमाने दूर गेले, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

पार्श्वभूमी : निजामशाहीच्या काळात अहमदनगर हे तोफा ओतण्याचे एक प्रमुख केंद्र होते. सध्या विजापूर येथे असलेली ‘मलिक-इ-मैदान’ ही प्रसिद्ध तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे रूमी खान याने ओतली. तुर्कस्तानाकडून आलेले रूमी तोफची आणि चौलसारख्या बंदरांतून वावरणारे पोर्तुगीज या दोहोंकडून बंदुकीची विद्या दख्खनमध्ये पसरली. १५९५-९६ च्या मोगल वेढ्यात अहमदनगरच्या तटाखाली सुरुंग घालण्यात आले. चांदबीबीच्या पक्षाने त्यांतील काही शोधून निकामी केले; परंतु फेब्रुवारी १५९६ मध्ये एक सुरुंग उडून तटास खिंडार पडले. सुरुंग, तोफ आणि बंदूक या तिन्ही ठिकाणी खरा प्रश्न एकच होता : कोरडी दारू आणि योग्य क्षणी पोहोचलेला विस्तव.

तोड्याची बंदूक : सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची किंवा तागाची दोरी सावकाश धुमसत राहते. या दोरीस तोडा किंवा जामगी म्हणतात. तोड्याचे पेटते टोक बंदुकीवरील घोड्याच्या चिमट्यात अडकविलेले असे. चाप ओढताच घोडा खाली येऊन ते रंजकास लागे. भारतीय तोडेदार बंदुकीत ही यंत्रणा बहुधा दस्त्याच्या आत दडविलेली असे. तीत कमानी नसल्यास बिघडण्यासारखे फारसे काही नसे, आणि बिघाड झालाच तर गावचा लोहार तो दुरुस्त करू शके. चापाचा हिसका कमी असल्याने नेम ढळत नसे. नळी लांब असल्याने पल्लाही चांगला मिळे.

दोषही तितकेच स्पष्ट होते. तोडा सतत पेटता ठेवावा लागे, त्यामुळे बार होवो वा न होवो, तो जळत राही. रात्री त्याचे लाल टोक शत्रूस दिसे. दारूच्या पिशवीजवळ विस्तव बाळगणे धोक्याचे असे. पावसात तोडा विझे आणि वाऱ्याने रंजक उडून जाई. यावर अनेक साधे उपाय योजले जात. रंजकाच्या वाटीस सरकते झाकण बसवीत. कान साफ करण्यासाठी लोखंडी सुई साखळीने बंदुकीस अडकवून ठेवीत. रंजकासाठी मुख्य दारूपेक्षा अधिक बारीक दारू वापरीत.

दारूची शुद्धता हा याहून महत्त्वाचा भाग होता. उत्तम दारूत सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. शुद्ध सोरा हवेतील ओलावा फारसा शोषीत नाही. परंतु त्यात मीठ व इतर क्षार राहिल्यास दारू लवकर सर्दावते. म्हणून सोरा पुन्हा पुन्हा विरघळवून त्याचे स्फटिक काढणे, हीच बार सुधारण्याची पहिली पायरी ठरे. कोळशासाठी तुराट्या, रुई यांसारखी हलकी काष्ठे पसंत केली जात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, तसेच दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी ताकीद आहे. दारू कोरडी राखण्यास गडांच्या व्यवस्थेत किती महत्त्व होते, हे त्यावरून दिसते.

हवामानाचा विचारही येथे आवश्यक आहे. अहमदनगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत असून पूर्वेकडील तालुके कोरडे आहेत. उलट पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतत. चारा, पाणी व नद्यांचे उतार ही त्यामागील प्रमुख कारणे होती. परंतु या ऋतुक्रमामुळे तोड्याचा सर्वांत मोठा दोष बऱ्याच अंशी झाकला जाई. तोडेदार बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली, याचे कारण केवळ अज्ञान वा रूढिप्रियता असे म्हणता येत नाही.

चकमकीची बंदूक : तोड्याशिवाय बार काढण्याची कल्पना भारतात नवी नव्हती. अकबराच्या कारखान्यात तोड्यावाचून, केवळ घोड्याच्या हालचालीने उडणाऱ्या बंदुका तयार झाल्याचे अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत नमूद केले आहे. ही यंत्रणा फिरत्या चाकावर ठिणगी पाडणारी असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तथापि ती खर्चिक व नाजूक असल्याने सैन्यात रुजली नाही.

अठराव्या शतकात यूरोपीय पद्धतीच्या पलटणींबरोबर चकमकीची बंदूक दख्खनमध्ये आली. तीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट बसविलेला असतो. घोडा पोलादी पातीवर आपटला की ठिणग्या पडतात, त्याच आघाताने वाटीवरील झाकण उघडते आणि रंजक पेटते. पेटता तोडा बाळगण्याची गरज संपल्याने शिपायांना खांद्याला खांदा लावून दाट रांगेत उभे राहता येऊ लागले, भरणी जलद झाली आणि एकाच वेळी बार काढण्याची कवायत शक्य झाली. ब्युसीच्या हाताखाली तयार झालेल्या गाडद्यांनी, आणि पुढे पेशव्यांच्या पदरी आलेल्या इब्राहिमखान गाडद्याने, ही पद्धत मराठी फौजेत आणली. महादजी शिंदे यांच्यासाठी द ब्वान्यने उभारलेल्या कंपूंना बंदुका पुरविण्याकरिता सँग्स्टर या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली आग्रा येथे कारखाना चालविण्यात आला.

११ मार्च १७९५ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठे व निजाम यांची लढाई झाली. तीत शिंद्यांच्या बाजूने पेराँची आणि निजामाच्या बाजूने रेमाँची कवायती पायदळे समोरासमोर आली. दोन्हीकडे त्यांच्याबरोबर जुन्या धर्तीची पथकेही होती. बत्तीच्या दोन रीती एकाच रणांगणावर नांदत असल्याचे हे उदाहरण होय.

नवी रीतही निर्दोष नव्हती. गारेची धार साधारण वीस-तीस बारांनंतर बोथट होई आणि ती पुन्हा काढावी लागे. पोलादी पातीस योग्य पाणी दिलेले नसेल, तर ठिणगी पडत नसे. दख्खनच्या काळ्या पाषाणात गारगोटी व अकीक विपुल सापडतात आणि त्यांच्या आघाताने ठिणगी पडते. परंतु एका मापाच्या हजारो गारा, सारख्या ताणाच्या कमानी आणि कडक पोलादाच्या पाती सातत्याने पुरविण्यासाठी संघटित कारखाना लागतो. इंग्रजांकडे इंग्लंडमधील ब्रँडन येथील गारा घडविणाऱ्यांचा व्यवसाय होता. मराठी सत्तांचे असे कारखाने थोडे होते आणि त्यांतील जाणकारी बऱ्याच अंशी परक्या अधिकाऱ्यांवर अवलंबून होती.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली अहमदनगरवर चालून आला, तेव्हा पावसामुळे त्यास वाळकी येथे खोळंबावे लागले. ८ ऑगस्ट रोजी त्याच्या सैन्याने शिड्या लावून पेठ घेतली आणि १२ ऑगस्ट रोजी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. पेठेच्या रक्षणास अरबांबरोबर शिंद्यांचे कवायती पायदळही होते. म्हणजे बंदुकीच्या जातीत दोन्ही पक्षांत मोठे अंतर नव्हते. या विजयाचे श्रेय केवळ इंग्रजांच्या बंदुकीस देता येत नाही.

टोपीची बंदूक : आघाताने पेटणाऱ्या रासायनिक द्रव्यांमुळे खरा पालट झाला. एडवर्ड हॉवर्डने १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटचे गुणधर्म प्रसिद्ध केले. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाती द्रव्यावर चालणाऱ्या यंत्रणेचे एकस्व घेतले. पुढे हे द्रव्य तांब्याच्या लहान टोपीत भरण्याची युक्ती निघाली. कानाच्या जागी बसविलेल्या, आरपार भोक असलेल्या पोलादी तोटीवर टोपी चढवावयाची. घोडा तिच्यावर आपटताच ज्वाला थेट मुख्य दारूपर्यंत जाते. उघडे रंजक राहिले नाही, त्यामुळे वारा व पाऊस यांचा उपद्रव कमी झाला.

१८३४ मध्ये इंग्लंडमधील वुलिच येथे दोन्ही रीतींची तुलना करण्यात आली. प्रत्येकी ६,००० बारांत चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा, तर टोपीच्या बंदुका केवळ ३६ वेळा चुकल्या. मे १८४१ मध्ये चीनमधील कँटनजवळ या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ दिसून आला. मद्रासच्या ३७ व्या पलटणीतील एक तुकडी वादळी पावसात वेगळी पडली. तिच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या आणि जमावाने वेढलेल्या शिपायांना संगिनींवर निभाव लावावा लागला. टोपीच्या बंदुका असलेल्या आरमारी सैनिकांनी येऊन त्यांची सुटका केली.

जुन्या चकमकीच्या बंदुकीचा कान बदलून व घोडा नवा बसवून तिचे टोपीच्या बंदुकीत रूपांतर करता येत असे. असे काम कुशल लोहारास जमण्याजोगे होते. टोपी तयार करणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. फल्मिनेट बनविण्यास पारा, नत्राम्ल, मद्यार्क आणि रसायनाचे ज्ञान लागे, व थोड्या चुकीने स्फोट होई. १८५७ च्या उठावातील पलटणींना टोप्यांची टंचाई जाणवली. बंदूक, दारू व शिसे असूनही टोपीअभावी शस्त्र निरुपयोगी ठरे.

कायदा व सद्यःस्थिती : उठावानंतर शस्त्रे जमा करण्यात आली आणि १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने परवान्याची पद्धत दृढ झाली. या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत बंदुकीच्या गारा व टोप्या यांचा स्पष्ट समावेश होता. शिसे, गंधक व सोरा मात्र वगळले होते. शेती व इतर उद्योगांत लागणारा कच्चा माल मोकळा ठेवून विस्तवाचे साधन सरकारने आपल्या नियंत्रणात घेतले. तोड्याच्या काळात असे नियंत्रण अवघड होते, कारण दोरी व सोरा कोठेही मिळत.

१८६० नंतरच्या दशकात मागून काडतूस भरण्याच्या बंदुका सैन्यात आल्या व ठासणीची बंदूक लष्करी वापरातून गेली. कोकणात व घाटमाथ्यावर तिचा वापर पिकांच्या राखणीपुरता उरला. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. विनापरवाना अशी बंदूक बनविणे, बाळगणे किंवा तिच्यात फेरफार करणे हा गुन्हा आहे.