अहीर : नदीत वाढणारा, समुद्रात जन्मणारा मासा

सापासारखे लांब अंग असलेला मासा गळाला लागला की त्याला सरसकट 'वाम' म्हणण्याची पद्धत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील नद्यांच्या बाबतीत मात्र या एका नावाखाली दोन अगदी भिन्न मासे येतात. पाठीवर सुट्या काट्यांची रांग आणि पुढे निमुळती सोंड असलेली काटेरी वाम नदीतच अंडी घालते व तिचे सारे आयुष्य गोड्या पाण्यात जाते. दुसरा मासा म्हणजे अहीर. शास्त्रीय परिभाषेत त्याला 'अँग्विला बेंगालेन्सिस' म्हणतात. त्याचा जन्म आणि शेवट दोन्ही खाऱ्या पाण्यात होतात. मधली वर्षे तेवढी तो नदीत काढतो.

ओळख

अहिराच्या पाठीवर काटे नसतात. पाठीचा, शेपटीचा आणि पोटाकडचा पर मिळून एकच सलग झालर तयार होते. अंग बुळबुळीत असून खवले इतके बारीक व त्वचेत रुतलेले असतात, की ते सहसा दिसत नाहीत. पाठ तपकिरी व ठिपक्यांची, पोट फिकट असते. पूर्ण वाढलेला मासा एक मीटरहून लांब होतो. ओल्या त्वचेतून तो काही प्रमाणात श्वसन करू शकतो; त्यामुळे पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत अडथळा ओलांडणे त्याला शक्य होते.

जीवनचक्र

अहिराच्या कुळातील सर्वच माशांची वीण खोल समुद्रात होते. अंड्यातून बाहेर येणारी अळी पानासारखी चपटी व पारदर्शक असते. ती मूळ माशाहून इतकी वेगळी दिसते, की एकोणिसाव्या शतकात तिला स्वतंत्र जात मानले जात होते. इटलीतील ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी १८९० च्या दशकात तिचे खरे रूप सिद्ध केले. पुढे डॅनिश संशोधक योहानेस श्मिट यांनी युरोपीय जातीचे जन्मस्थान अटलांटिकमधील सारगासो समुद्रात असल्याचे १९२२ मध्ये मांडले. जपानी जातीची अंडी प्रशांत महासागरात प्रत्यक्ष हाती लागण्यास २००९ साल उजाडावे लागले. अहिराच्या जन्मस्थानाबाबत सुमात्राच्या पश्चिमेकडील हिंदी महासागराकडे निर्देश केला जातो. परंतु तेथे त्याची वीण होताना अद्याप कोणी पाहिलेली नाही.

प्रवाहाबरोबर किनाऱ्याजवळ आलेली अळी काचेसारख्या पारदर्शक पिलात रूपांतरित होते. खाडीत शिरल्यावर पिलाला रंग येतो आणि ते नदीतून वर चढू लागते. पुढील कित्येक वर्षे खडकांच्या कपारी, डोह आणि झाडांच्या मुळांचा आडोसा हेच त्याचे घर असते. मासे, खेकडे, झिंगे, बेडूक हे त्याचे खाद्य. परिपक्व होताना डोळे मोठे होतात, अंगावर रुपेरी छटा येते, आतडे आकसते आणि खाणे थांबते. मग पुराच्या पाण्याबरोबर अंधाऱ्या रात्री तो समुद्राकडे निघतो. विणीनंतर त्याचे आयुष्य संपते.

गळाने मासेमारी

अहीर निशाचर आहे. त्यामुळे सूर्यास्तानंतर, विशेषतः पाणी गढूळ असताना, तो गळाला लागण्याची शक्यता अधिक. गांडुळांचा झुपका किंवा लहान मासा आमिष म्हणून लावून शिशाच्या वजनाने गळ तळाशी ठेवला जातो. मासा आमिष खोल गिळतो आणि ओढ बसताच कपारीत शेपूट अडकवतो. म्हणून दोर जाड असावा व ओढ सैल पडू देऊ नये. पकडण्यासाठी ओले फडके उपयोगी पडते. गळ खोल गेला असल्यास तो उपसत बसण्यापेक्षा दोर कापून मासा सोडणे श्रेयस्कर.

या कुळात मोठे मासे बहुधा माद्या असतात. समुद्राकडे निघण्याच्या बेतात असलेली मादी मारली गेली, तर तिची वीण कायमची गेली. शिवाय अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. अन्य जलाशयांत मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेची अनुमती विचारून घ्यावी. पाण्यात विष मिसळणे वा स्फोट घडवणे १८९७ च्या कायद्यापासूनच दंडनीय आहे.

अडलेली वाट

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. भामरागडकडून येणारी इंद्रावती सोमनूरजवळ गोदावरीत उतरते. म्हणजे या दोन्ही जिल्ह्यांत पोहोचणाऱ्या प्रत्येक अहिराला बंगालच्या उपसागरातून गोदावरीचीच वाट धरावी लागते. या वाटेवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ पासून आहे. त्याच्या वर पोलावरम धरण, इंद्रावतीच्या संगमाखाली तुपाकुलागुडेम आणि संगमाच्या वर मेडिगड्डा बॅरेज येते. मेडिगड्डाचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचल्यानंतर साठा सोडून देण्यात आला. वैनगंगेवर पुढे चिचडोह व गोसीखुर्द आहेतच.

रोहू, कटला यांचे बीज मत्स्यबीज केंद्रात तयार करून तलावात सोडता येते. अहिराबाबत ती सोय नाही. जपानने २०१० मध्ये आपल्या जातीचे जीवनचक्र बंदिस्त अवस्थेत पूर्ण केले, तरी तेथील मत्स्यपालनही समुद्रातून पकडलेल्या पिलांवरच चालते. त्यामुळे नदीची वाट मोकळी ठेवणे हाच खरा उपाय ठरतो.

पोलावरममध्ये पुलसा माशासाठी मत्स्यमार्गाची योजना आहे. अहिराच्या पिलांची गरज त्याहून साधी आहे : ओला, खरबरीत उतार मिळाला तरी ती चढून जातात. युरोपात बंधाऱ्यांवर ब्रशसारख्या केसांचे उतार बसवले जातात, तर न्यूझीलंडमध्ये धरणाखाली जमलेली पिले पकडून वरच्या पाण्यात सोडली जातात. युरोपीय महासंघाने २००७ मध्ये या माशासाठी स्वतंत्र नियमावलीही केली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत युरोपीय जात 'अतिसंकटग्रस्त' आहे. अहीर 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात मोडतो. गोदावरी खोऱ्यातील बंधाऱ्यांच्या दुरुस्तीच्या आराखड्यांत असा एखादा उतार समाविष्ट झाला, तर प्राणहितेच्या डोहांपर्यंत समुद्राची वाट पुन्हा जोडली जाईल.