डावखुऱ्या सुताराचे बाक

* ‘वाईस डाव्या हाताला’ : मूळ लेखकाने उजव्या हाताचा सुतार गृहीत धरला आहे. युरोपीय परंपरेत हेच धरून चालतात. आंद्रे रूबो या फ्रेंच सुताराच्या, १७६९पासून भागाभागाने निघालेल्या ग्रंथातल्या बाकालाही अडणीचा ठोकळा आणि पुढच्या कडेचा आकडा डावीकडेच आहे. उजवा माणूस रंधा उजवीकडून डावीकडे लोटतो, म्हणून फळीला डाव्या टोकाशी आधार लागतो. डावखुरा त्याच बाकावर उलट दिशेने लोटू लागला की फळी वाईसच्या जबड्यातून सुटू पाहते. ती ओढली जाते, थरथरते आणि रंध्याचे पाते ठेचकाळत चालते. पृष्ठभागावर त्याच्या आडव्या लाटा उमटतात. दोष मात्र हाताला दिला जातो, आणि हा अन्याय आहे.

बाक नुसते फिरवून भागत नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. पुढचा डावा कोपरा तसे केल्याने मागे उजवीकडे जातो. उजव्या टोकाचा वाईस बरोबर डावीकडे येतो खरा, पण पुढचा वाईस खोलून नव्या पुढच्या कडेला उजवीकडे बसवावा लागतो आणि फळी अडवणाऱ्या खुंट्यांची भोकेही त्या कडेलगत नव्याने पाडावी लागतात. एवढ्याने साधा रंधा सुखाने चालतो. खाचरंध्याची अडचण उरतेच, कारण त्याची कड धरणारी पट्टी एकाच बाजूला असते. तो डावखुऱ्यासाठी वेगळाच घडवावा लागतो.

जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबणाऱ्या आपल्याकडच्या सुताराला बाकाची ही अडचण येत नाही. — संपा.