पिकअप उंच केली, आता दणके का बसतात? पाटे आणि शॉकॲब्सॉर्बरची गोष्ट

आजचा भाग गाड्यांच्या इतिहासाचा आहे, पण त्यामागचा प्रश्न एकदम ताजा आहे. पिकअप उंच करून घेतली, मोठे टायर बसवले, दिसायला झक्कास झाली. आणि पहिल्याच खड्ड्यात कंबर हलली. मग सगळे म्हणतात, "उंच गाडी म्हटल्यावर दणके बसणारच." मला हे अजिबात पटत नाही. उंची वेगळी आणि कडकपणा वेगळा. हा फरक नीट कळायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली. तीच गोष्ट आज सांगतो.

सुरुवात घोडागाडीपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ओबाडाया इलियट याने बग्गीला पोलादी पाट्यांची लंबगोल स्प्रिंग बसवली. बाक दिलेले पाटे, एकावर एक रचलेले. आपल्याकडे टांग्याखाली असायचे तसे, आणि आजही बहुतेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर असतात तसेच. पाटे वाकून दणका पोटात घेतात, आणि एकमेकांवर घासतात म्हणून हेलकावेही थोडे आवरतात. घोड्याच्या चालीला तेवढं पुरत होतं.

मग मोटार आली, वेग वाढला. आणि लक्षात आलं की स्प्रिंग दणका घेते, पण पचवत नाही, परत करते. खड्डा मागे राहिला तरी गाडी उड्या मारतच राहते. फ्रान्सच्या त्रुफो याने यावर घासणाऱ्या चकत्यांचं यंत्र काढलं, आणि एडवर्ड हार्टफर्ड याने ते अमेरिकेत नेलं. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरचा 'गेब्रियल स्नबर' तर अगदी साधा: गुंडाळलेला पट्टा, जो स्प्रिंग दबताना सैल पडायचा आणि उसळताना तिला धरून ठेवायचा. पुढे पट्ट्याच्या जागी तेल आलं, आणि 1950 च्या दशकात फ्रान्सच्याच द कार्बोन याने तेलाच्या जोडीला दाबाखालचा वायू आणला. म्हणजे कामाची वाटणी झाली बघा. वजन पेलायचं स्प्रिंगने, उसळी मारायची शॉकॲब्सॉर्बरने. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. मॉरिस ऑली, रोल्स-रॉइसमधून 1930 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे आला. त्याने एका लांबलचक लिमोझिनला पुढे-मागे सरकवता येणारी वजनं लावली आणि स्प्रिंगा बदलबदलून गाडी चालवून पाहिली. तोवर पुढच्या स्प्रिंगा कडक आणि मागच्या नरम ठेवायची रीत होती. ऑलीला दिसलं की उलटं केलं तर गाडी डोलायची थांबते. कारण सोपं आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. पुढचा हेलकावा संथ असेल तर मागचा त्याला गाठतो, आणि गाडी सपाट राहते. 1934 च्या मॉडेलांमध्ये जनरल मोटर्सने पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली, तेव्हा पुढे नरम स्प्रिंगा देणं खरोखर शक्य झालं.

इथे थोडं गणित, घाबरू नका. गाडीच्या वजनाने स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल, तर ती सेकंदाला साधारण 1 हेलकावा घेते. फक्त 6 सेंटिमीटर दबत असेल, तर 2. माणसाच्या शरीराला 1 ते 1.5 बरं वाटतं. पिकअपचे मागचे पाटे मालासाठी असतात, त्यामुळे रिकामी पिकअप मुळातच कडक. त्यात उंचीसाठी एक जादा पाटा घातला की स्प्रिंग आणखी ताठ होते. आणि पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो, बरं का! तुमच्या कमरेचा हिशेब इथे चुकतो, उंचीपाशी नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा उंच गाड्यांच्या दुनियेतच सापडतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या बॉब चँडलरने 1974 ची फोर्ड एफ-250 पिकअप उंच करत नेली, तिचं नाव 'बिगफूट'. ट्रकच्या पाट्यांवर उभ्या असलेल्या या गाड्या जुन्या मोटारी चिरडायच्या; पण शर्यती आणि उड्या सुरू झाल्यावर चालकाचे हाल होऊ लागले. 1989 मध्ये आलेल्या आठव्या बिगफूटला नळ्यांची चासी होती, चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा होती आणि नायट्रोजन भरलेले शॉकॲब्सॉर्बर होते. म्हणजे उंची तीच ठेवली, कडकपणा सोडला.

मग आपल्या पिकअपचं काय करायचं? आधी टायरची हवा बघा. मोठ्या टायरला रिकाम्या गाडीत पूर्ण दाब लागत नाही. मग चासी जॅकवर उचला. चाकं लोंबताना शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जात असेल तर तो आखूड आहे, आणि प्रत्येक खड्ड्यात तोच ठोका देतोय. पुढे टॉर्शन बार पिळून उंची काढली असेल तर हाच त्रास होतो: चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. पाट्यांच्या टोकाचं शॅकल तिरकं होऊन अडकत नाही ना, तेही बघा. त्यानंतर जादा पाटा काढून, त्या उंचीसाठी बनवलेला पातळ आणि जास्त पाट्यांचा संच घाला. शॉकॲब्सॉर्बर सगळ्यात शेवटी, नव्या स्प्रिंगला जुळणारा. लोक नेमकं उलट करतात. आधी महागडे शॉकॲब्सॉर्बर घेतात, आणि कडक स्प्रिंग कडकच राहते.

हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. उसळणारं चाक रस्ता सोडतं, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक कामाचा नाही. भारतात ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पाने हातात घेण्याआधी आरटीओत विचारा.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी "उंच गाडी म्हणजे दणके" म्हणालं, तर त्याला मॉरिस ऑलीची गोष्ट सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी जपून चालवा, आणि कंबर त्याहून जपा!