छोट्या गाडीला अलॉय, रुंद टायर बसवताय? दुकानात जाण्याआधी ही मापं बघून घ्या

सेकंड हँड का होईना, दारात गाडी आली की पहिली हौस असते ती अलॉय व्हील आणि रुंद टायरची. तालुक्याच्या दुकानात "बसतंय, काही होत नाही" असं सांगितलं जातं. पण नट आवळले गेले म्हणजे चाक बसलं असं होत नाही. चुकीचं माप घेतलं तर टायर मडगार्डला घासतो, बेअरिंग लवकर जातं, ॲव्हरेज कमी होतं आणि वेगात असताना चाक दगा देऊ शकतं. गाडीत घरची माणसं बसतात, म्हणून पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असं लिहिलं आहे. १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, इथे १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास, इंचात. ८५ हा वजनाचा आकडा असून त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. नवा टायर घेताना वजनाचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

रिम वाढली तरी चाकाची उंची तीच हवी

मारुती स्विफ्टचं उदाहरण बघा. साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येत आले आहेत. पहिल्या चाकाची एकूण उंची सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे ६२२. रिम एक इंचाने वाढली, पण टायरची बाजू तेवढी कमी झाली.

याच गाडीला कुणी २०५/६५ आर १५ बसवला, तर उंची ६४७ मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे साडेचार टक्के जास्त. मग मीटरवर ८० दिसत असताना गाडी खरी ८४ च्या आसपास पळते. पिकअप मंदावतो आणि वळताना टायर घासायची शक्यता वाढते. फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा. सगळ्यात सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे आपल्याच गाडीच्या टॉप मॉडेलला कंपनी जे माप देते, तेच घेणं.

रिम घेताना चार मापं

१. पीसीडी : नटांच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार नटांच्या चाकाला समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. छोट्या गाड्यांत १०० आणि ११४.३ मिलिमीटर ही दोन्ही मापं आढळतात. दोन मिलिमीटरचा फरक असला तरी नट तिरका बसतो. छिद्र मोठं करून बसवून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

२. ऑफसेट : रिमवर ईटी ४५ असा आकडा असतो. तेवढ्याच रुंदीची ईटी ३५ ची रिम लावली, तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो.

३. मधलं भोक : ते हबपेक्षा लहान असेल तर रिम बसतच नाही. मोठं असेल तर मापाची हब रिंग घाला, नाहीतर स्टेअरिंग थरथरतं.

४. रिमची रुंदी : १८५/६५ टायरला ५ ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवू नका.

अलॉयला कधी कधी वेगळे नट लागतात. जुने नट नीट बसतात का, हे दुकानदाराला समोर दाखवायला सांगा.

पाणंद रस्त्याचा विचार करा

टायरची बाजू जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा मार रिमला जास्त. लोखंडी डिस्क वाकली तर बऱ्याचदा सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर वेल्डिंगच्या भरवशावर राहू नये, ती बदलावीच. गाव ते शेत आणि शेत ते बाजार असाच रोजचा रस्ता असेल, तर उंच बाजूचा टायर आणि साधी डिस्क कधीही परवडते.

कागदपत्रं आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून मडगार्डच्या बाहेर येणारी चाकं टाळा. बाहेरून बसवलेले अलॉय विमा पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर भरपाई मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल, तरच टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते.

पैसे देण्याआधी

- टायरवर आयएसआय चिन्ह आणि चार आकडी तारीख बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा.
- जुना टायर घेत असाल तर नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको.
- एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे हवेत.
- आधी एकच चाक बसवून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग मागे तीन माणसं बसवून खड्ड्यातून फेरी मारा. घासल्याचा आवाज आला तर माप चुकलं.
- स्टेपनी नव्या चाकांच्या उंचीची आहे का, जुने नट तिच्यासाठी गाडीत ठेवावे लागतील का, हे विचारा.
- बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्या.

काढलेल्या जुन्या डिस्क लगेच मोडीत देऊ नका. गाडी विकताना किंवा अलॉय फुटल्यावर त्याच कामाला येतात.