दाहाचा माग : चेंगलपट्टूपासून कोलारपर्यंत

मोटारींच्या कारखान्यामुळे आज ओळखले जाणारे इरुंगाट्टुकोट्टै १९९०च्या दशकापर्यंत जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडत असे. त्याच जिल्ह्यातील चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी कुष्ठरोगावर डॅप्सोन वापरून पाहिले. या औषधाचे नाव पुढे अल्झायमरच्या चर्चेत येईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

डॅप्सोन जंतूंना आवरते, तसेच दाहही शमवते. १९८०च्या दशकात व्हँकुव्हरच्या पॅट्रिक व एडिथ मॅकगीर या दांपत्याला अल्झायमरग्रस्त मेंदूंत चेतलेल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या पहारेकरी पेशी, आढळल्या. १९९२मध्ये त्यांनी जपानी सहकाऱ्यांसह तेथील वृद्ध कुष्ठरुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. उपचार चालू असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण उपचार न घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. दाह शमवला तर विस्मरण टळेल, ही आशा बळावली.

ती कसोटीला उतरली नाही. २००१मध्ये अमेरिकेत, घराण्यात अल्झायमर असलेल्या वृद्धांना नॅप्रॉक्सेन व सेलेकॉक्सिब देणारी मोठी चाचणी सुरू झाली. हृदयविकाराच्या शंकेने डिसेंबर २००४मध्ये औषधे थांबवावी लागली. अल्झायमरपासून संरक्षणही दिसले नाही.

मग दाहाचा संबंध खोटाच होता काय? २००२मध्येच होनोलुलूहून वेगळा धागा हाती आला होता. तेथील जपानी वंशाच्या पुरुषांचे मध्यमवयात घेतलेले रक्त जपून ठेवले होते. त्यात सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन हे यकृतात बनणारे दाहदर्शक ज्यांच्यात सर्वांत कमी होते, त्यांच्या तुलनेत इतरांना २५ वर्षांनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे तिप्पट आढळला. दाह फार आधी सुरू होत असावा आणि उतारवयात दिलेले औषध उशिरा पोहोचत असावे, असा तर्क त्यातून पुढे आला.

तरीही हे प्रथिन म्हणजे निदान नव्हे. १९३०मध्ये ते प्रथम सापडले ते न्यूमोनियाच्या रुग्णांत. संधिवात, हिरड्यांचा विकार, साधा संसर्ग यांनीही ते वाढते. धूर दिसतो, पण आग कोणत्या घराला लागली ते कळत नाही. म्हणून एका अहवालावरून घरातल्या वृद्धाला अल्झायमरग्रस्त ठरवणे चुकीचे, आणि आपल्या मनाने दाहशामक गोळ्या सुरू करणे धोक्याचे.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरात ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचे रक्त व स्मरणशक्ती वर्षानुवर्षे तपासत आहे. भारतीयांत दाह आधी की विस्मरण आधी, हे अशाच दीर्घ पाहणीतून ठरेल.