पुसाच्या शिवारातील दोन उत्तरे

१९६८ साली भारतीय टपाल खात्याने गहू क्रांतीचे तिकीट प्रसिद्ध केले. त्यावर गव्हाच्या ओंब्या आहेत आणि दिल्लीतील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या, म्हणजेच ‘पुसा’च्या, ग्रंथालयाची इमारत. तेव्हा देशापुढचा प्रश्न एकच होता : ताटात पोळी येणार कोठून? आज त्याच दिल्लीत, तसेच गुडगाव आणि नोएडा येथील स्वयंपाकघरांत पोळी व भात कमी करण्यासाठी फ्लॉवर किसला जातो. फ्लॉवरच्या किसाचा ‘भात’ होतो, पिळून थापल्यास पिझ्झाचा तळ होतो. या फ्लॉवरचा इतिहासही बऱ्याच अंशी पुसाच्याच शिवारातून जातो.

संस्थेची स्थापना १९०५ साली बिहारमधील पुसा गावी झाली. १९३४च्या भूकंपात तेथील वास्तू उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली संस्था दिल्लीस हलली. गाव मागे राहिले, नाव मात्र सोबत आले. पुढे संस्थेच्या कित्येक वाणांच्या नावाआधी ‘पुसा’ लागले, ते त्या गावावरून.

फ्लॉवर त्याआधीच भारतात रुळला होता. भाजीपाला-शास्त्राच्या ग्रंथांत त्याच्या आगमनाचे साल १८२२ दिले जाते. इंग्लंडहून आलेले बियाणे दिल्लीच्या उत्तरेस सहारनपूरच्या कंपनी बागेत लावले गेले. थंड हवेतले हे पीक उत्तर भारताच्या उष्ण, दमट हवेत तगणे कठीण होते. शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या जी झाडे तगली त्यांचेच बी राखले आणि त्यातून ‘भारतीय फ्लॉवर’ हा स्वतंत्र गट घडला. त्याच्या वाणांना महिन्यांची नावे पडली : कुवारी, कातकी, अघनी, पूसी, माघी. युरोपीय ‘स्नोबॉल’ प्रकाराला गड्डा धरण्यास साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमान लागते, तर लवकर येणारे भारतीय वाण २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात.

या शेतकरी-वारशावर पुसाच्या संशोधकांनी काम केले. ‘पुसा कातकी’ आणि दिवाळीच्या सुमारास काढणीस येणारी ‘पुसा दीपाली’ ही त्याची फळे. विष्णु स्वरूप आणि एस. एस. चॅटर्जी यांनी १९७२ साली भारतीय फ्लॉवरच्या उगमाचा शास्त्रीय मागोवा प्रसिद्ध केला आणि त्याचे मूळ इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या जुन्या प्रकाराशी जोडले. २०१५ साली पुसानेच बीटा कॅरोटीनयुक्त केशरी गड्ड्याचा ‘पुसा बीटा केसरी १’ हा वाण दिला.

गव्हाचे उत्तर याच काळात आकाराला आले. १९६३ साली नॉर्मन बोरलॉग भारतात आले. एम. एस. स्वामीनाथन यांच्या नेतृत्वाखाली मेक्सिकन बुटक्या गव्हाच्या चाचण्या झाल्या आणि दिल्लीच्या सीमेवरील जौंती हे गाव ‘बियाणे गाव’ बनले. १९६६ साली १८,००० टन बियाणे आयात झाले. १९६४-६५ मधील सुमारे सव्वा कोटी टन गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. आज ते ११ कोटी टनांच्या पुढे आहे. भुकेवरचे ते उत्तर खरे ठरले, यात शंका नाही.

मात्र त्या यशाने ताटाचा तोल धान्याकडे झुकला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्याच सर्वेक्षणावर आधारित आणि २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते.

येथे फ्लॉवरची उपयुक्तता कळते. गव्हाचा दाणा किंवा बटाट्याचा कंद हे वनस्पतीचे कोठार असते, तेथे पुढच्या पिढीसाठी पिष्ट साठवलेले असते. फ्लॉवरचा गड्डा कोठार नव्हे. फुले होऊ पाहणारे, पण फूल न होता पुन्हा नवे अंकुर फोडत राहणारे कोंब मिळून तो बनतो, हे ‘सायन्स’मधील २०२१च्या संशोधनाने उलगडले. म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर तितक्याच फ्लॉवरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम, आणि त्यातही सुमारे २ ग्रॅम तंतू. दिल्लीच्या गोभी-पराठ्यात जे सारण होते, त्यालाच आता आवरणाची जागा दिली जात आहे.

परंतु या अदलाबदलीत एक हिशेब नजरेआड होतो. १०० ग्रॅम कणकेत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, फ्लॉवरमध्ये सुमारे २ ग्रॅम. पोळी काढून केवळ फ्लॉवर ठेवला, तर पिष्टाबरोबर प्रथिनेही ताटातून जातात. उपरोक्त अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : भाताऐवजी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ वापरल्याने, एकूण कर्बोदके कमी न होता, धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांतून येणारी ५ टक्के ऊर्जा वनस्पतिजन्य वा दुग्धजन्य प्रथिनांतून घेतली, तर मात्र मधुमेहाचा धोका कमी आढळला.

म्हणजे फ्लॉवर जागा रिकामी करून देतो, ती भरत नाही. ती भरायची डाळीने, उसळीने, दह्या-दुधाने. आणि येथेच खरा पेच आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. डाळ, दूध आणि भाजी मात्र त्यांना बाजारभावाने घ्यावी लागते. ज्याच्या ताटात सर्वांत जास्त पिष्ट आहे, त्यालाच ते बदलणे सर्वांत महाग पडते.

पुसाच्या शिवारात गहू आणि फ्लॉवर यांच्याबरोबर हरभऱ्याचे आणि मुगाचे वाणही वाढले आहेत. १९६०च्या दशकात प्रयोगशाळेतल्या गव्हामागे बियाणे, हमीभाव, खरेदी आणि रेशन दुकान अशी संपूर्ण व्यवस्था उभी राहिली, तेव्हा तो गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचला. मधुमेहावरचे उत्तरही तेथवर पोहोचायचे असेल, तर डाळीच्या मागे तशीच व्यवस्था उभी राहावी लागेल.